गप झालेला माग

आमच्या बाबांच्या मते गिरणीचा संप अजून मिटलेला नाही. मिटल्याचं त्यांना कुणी रीतसर कळवलेलं नाही, म्हणून ते अजून कामगारच आहेत, जरा लांबलेल्या सुट्टीवर. मधल्या काळात त्यांनी भाजी विकली, वॉचमनकी केली, आम्हा तिघा भावंडांना वाढवलं, आणि ते जिथे माग चालवत तिथे काचेची इमारत उभी राहिली. तिच्या सहाव्या मजल्यावर मला नोकरी लागली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हजेरी कोण घेता?"

माझं काम देखरेखीचं. छोट्या धंदेवाल्यांच्या ऑर्डरी आमच्या कंप्युटरवर येतात, ते बंद पडू नयेत एवढं बघायचं. पन्नाशीला टेकलेल्या मला साहेबांनी तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलं होतं. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे लालबागच्या बाजारात बसणारी एक कोळीण मावशी; तिने घरपोच मासळी सुरू केली होती. ती खूश राहिली तर मी कायम, असं साहेबांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं.

देखरेखीचं सॉफ्टवेअर विकत घ्यायला मात्र ते तयार नव्हते. मग मी ओपन सोर्स घेतलं, म्हणजे जगभरच्या भल्या माणसांनी लिहून फुकट वाटलेलं. कंप्युटर जे जे करतो त्याची ओळीओळीने नोंद होते, तिला लॉग म्हणतात. हे सॉफ्टवेअर ते लॉग गोळा करतं, वाचतं, आणि काही वावगं दिसलं की फोनवर सूचना धाडतं. फुकट म्हटल्यावर आपला हात कशाला आखडतोय? मी सगळ्याचीच नोंद ठेवायला लावली. कंप्युटर शिंकला तरी नोंद. जुने लॉग कधी पुसायचे, यावर त्यांच्या माहितीत एक अख्खं पान होतं. ते मी वाचणार होतो.

पहिला आठवडा फोन जेवणाच्या टेबलावर विंचू चावल्यासारखा थरथरत होता. बाबांना ऐकू येत नाही, मागांच्या खडखडाटाने कान कधीच गेले. पण तळहात टेबलावर ठेवून ते प्रत्येक सूचना मोजायचे आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. बायको म्हणाली, एवढ्यांदा तर तिच्या माहेरचेही फोन करत नाहीत. मी हळूहळू बहुतेक सूचना बंद केल्या. पुढे पुढे दिवसाला दोन-तीनच यायच्या, आणि मी स्वतःला या विषयातला जाणकार समजू लागलो.

मग एका रविवारी साडेअकरा वाजले तरी आमची सुरमई आली नाही. बायकोने आठलाच त्याच मावशीकडे फोनवरून ऑर्डर टाकली होती. ती म्हणाली, तुमच्या कंप्युटरमध्येच काहीतरी झालंय. मी तिला समजावलं की बिघाड असता तर माझा फोन वाजला असता. तो गप आहे, म्हणजे सगळं आलबेल आहे. आणि मी डाळभात वाढायला सांगितला.

बाबांचा तळहात टेबलावरच होता.

"माग गप झालो की आमी धावान जायचव," ते म्हणाले. "कानान नाय, तळपायाक कळायचा. तुजो गप झालो, तर तू जेवाक बसतंस?"

मी हसलो. मग लॅपटॉप उघडला, आणि हसू तिथेच राहिलं. खर्च वाचवायला मी देखरेखीचं सॉफ्टवेअर मावशीच्या ऑर्डरींच्याच कंप्युटरवर बसवलं होतं. माझ्या लॉगनी त्याची सगळी जागा खाल्ली होती. सकाळपासून नवी ऑर्डर ठेवायला तिळाएवढीही जागा नव्हती, आणि हे कळवणारं सॉफ्टवेअर त्याच अजीर्णाने आधी मेलं होतं. पहाऱ्यासाठी ठेवलेल्या माणसाने घरातल्यांना बाहेर काढून स्वतःच पथारी पसरावी, तसं.

घाबरून मी सगळे लॉग पुसले. कंप्युटर चालू झाला. सकाळच्या ऑर्डरी मात्र गेल्या त्या गेल्याच. मग लक्षात आलं की लॉगबरोबर माझ्या चुकीचा पुरावाही गेलाय. नेटवर्क नव्हतं म्हणालो असतो, तर जगातलं कुणीही मला पकडू शकलं नसतं.

मावशीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "सकाळपासून मी आणि मासे, बर्फावर एकमेकांची तोंडं बघतोय."

'नेटवर्क'मधला 'ने' ओठांवर आला होता. समोर बाबा बसले होते. माग खात्यात आवाजाने कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, तीस वर्षं ते नुसते ओठ वाचून गप्पा मारत आले. या घरात त्यांच्यासमोर कुणी फोनवर खोटं बोलत नाही. यात संस्कार कमी आणि नाइलाज जास्त.

"मावशी, चूक माझी," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

मग ती म्हणाली, "यंत्र फुकटचं आणलंस ते आणलंस, माणूस पण फुकटचाच मिळाला काय रे साहेबाला? राहा कामावर. पण दर रविवारी नऊला तू स्वतः फोन करून विचारायचं, ऑर्डर येतायत का."

आता देखरेखीला वेगळा कंप्युटर आहे. बराच वेळ ऑर्डर आली नाही तर फोन वाजतो, म्हणजे शांततेची सूचना मिळते. मी कायम झालो. तरी रविवारी नऊला बाबा टेबलावर तळहात ठेवून बसतात आणि माझ्या ओठांकडे बघतात. मी मावशीला विचारतो, ती "येतायत" म्हणून फोन ठेवते, मी बाबांना मान हलवून दाखवतो, आणि मगच ते चहा पितात.