जरा नंबर टाकून द्या न भाऊ

मोबाइलच्या दुकानात दोन गोष्टी फुकट साचतात: लोकांचे बंद पडलेले चार्जर आणि लोकांचे किस्से. चार्जर कधीतरी भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही! ते आपल्याच डोक्यात पडून राहतात, आणि एखाद्या दिवशी चहा घेताना एक निघाला की मागून दुसरा निघतोच.

कामरगावला स्टँडसमोर आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि सलीमचं. सलीम रिपेरिंग बघतो, काच बसवतो, कव्हर विकतो. उरलेलं सगळं माझ्याकडे. लोकांना वाटतं मी मोबाइल विकतो. कुठला विकतो! मी दिवसभर या फोनातले नंबर त्या फोनात टाकतो. बटणवाल्यातून टचवाल्यात, टचवाल्यातून सफरचंदवाल्यात, आणि महिन्याभरात जमलं नाही की सफरचंदवाल्यातून परत टचवाल्यात!

"प्रमोदभाऊ, जरा नंबर टाकून द्या न याच्यात."

या 'जरा'नं माझी मान गेली. फोन घेतला दुसरीकडून, ऑनलाइन, सेलमध्ये, आणि नंबर टाकायला प्रमोद! सलीम म्हणतो, "भाई, आपण मेलो तं वरतेबी कोनीतरी फोन घेऊन उभाच राहीन." तो हसतो. मला हसू येत नाही, कारण मला ते खरंच होईल असं वाटतं.

*

मागे माझी दाढ दुखायला लागली. कारंज्याला डॉक्टरकडे गेलो. खुर्चीत आडवा झालो, तोंडावर दिवा, तोंडात कापूस, अर्धा जबडा सुन्न. डॉक्टरांनी पक्कड हातात घेतली आणि थांबले.

"तुमचं मोबाइलचं दुकान आहे ना हो?"

मी मान हलवली.

"मी परवाच नवीन घेतला. जुन्यातले कॉन्टॅक्ट येतच नाहीयेत!"

मी आ केलेला. बोलणार काय? मी हातानं खूण केली, आधी दाढ. त्यांना वाटलं, मी फोन मागतोय. त्यांनी पक्कड ट्रेमध्ये ठेवली, हातमोजे काढले आणि दोन्ही फोन माझ्या छातीवर आणून ठेवले!

"बोलू नका, ताण पडेल. फक्त बोटानं दाखवा."

दाखवलं. काय करणार? पक्कड त्यांच्याकडे होती.

*

आमच्या भागात एक भाऊ आहेत. नाव नको, सगळे त्यांना भाऊच म्हणतात. येत्या निवडणुकीत उभं राहायचं म्हणून त्यांनी सफरचंदवाला फोन घेतला. जुन्या फोनाची काच पार फुटलेली होती, डोळ्याला लावल्याशिवाय नाव वाचता येत नव्हतं. त्यातले नंबर नव्यात न्यायचे. नंबर किती? सारा तालुका!

भाऊंसोबत दिलीप होता. दिलीप म्हणजे भाऊंचा उजवा हात. गाडी तोच चालवतो, फोन तोच उचलतो, सभेत खुर्च्याही तोच मोजतो. माझं काम होईपर्यंत दोघं बाकावर बसून 'आपले कोण, परके कोण' हेच बोलत होते.

काम झालं. भाऊ खूश! म्हणाले, "दिलप्या, एक टेस्ट रिंग दे बरं. पाहू नाव कसं येते तं."

दिलीपनं रिंग दिली. नवा फोन काउंटरवर वाजला. केवढी ती स्क्रीन! आणि तिच्यावर हे मोठं ठसठशीत नाव: 'दिलीप लबाड'.

सलीम एकदम वाकून खालचा स्क्रू शोधायला लागला. मी पंख्याकडे बघत होतो. भाऊ कपाळ पुसत होते.

दिलीपनं ते नाव शांतपणे वाचलं, फोन कट केला आणि म्हणाला, "भाऊ, नंबर तं बरोबर आला."

*

शेवंताबाई मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरच्या. लेक कामरगावात दिलेली, म्हणून इकडे येणं-जाणं. दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्यांना वाचता येत नाही, पण बटणाच्या फोनावर त्या मास्टर होत्या. दोन दाबून धरलं की लेक, तीन दाबलं की टोळी नेणारा मुकादम, चार दाबलं की तांड्यावरचं घर.

पोरानं टचचा फोन घेऊन दिला. बाईंनी तो उलटा केला, सुलटा केला, आणि माझ्यापुढे ठेवला.

"भाऊ, याचं दोन कुठी हाये?"

दोन नव्हतंच! मी म्हटलं, काळजी नको, मी फोटो लावून देतो. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागेल. लेक सोबतच होती, तिचा फोटो काढला. घराचा फोटो पोराच्या फोनात सापडला. राहिला मुकादम.

"त्याचा फोटो आहे का?"

"त्याचा नोको," बाई म्हणाल्या. "चार महिने रोज तेच तोंड पाह्यतो मी. त्याच्या जागी कोयता टाक."

टाकला कोयता. दिवाळीच्या आधी, टोळी निघायच्या सुमारास, बाई परत दुकानात आल्या. मला वाटलं फोन बिघडला.

"भाऊ, फोन चांगला हाये. पण तो कोयता वाजला की मले जेवन जात नाही. तिथी काहीतरी गोड टाक."

आता मुकादमाचा फोन आला की जिलेबी दिसते. बोलतो मात्र तेच, म्हणे.

*

मानोऱ्यातल्याच एका मोबाइलवाल्यानं फार डोकं लावलं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा जीमेल कोण बनवून देत बसेल? त्यानं एकच जीमेल बनवला आणि येईल त्याच्या फोनात तोच टाकला! मीही या धंद्यात आहे, त्यामुळे त्याचा राग येत नाही. थकला असेल बिचारा.

नंबर साठतात जीमेलवर, त्यामुळे झालं असं की सगळ्यांचे नंबर सगळ्यांच्या फोनात गेले. जाधव नावाचे एक शेतकरी माझ्याकडे घाबरून आले. "भाऊ, मह्या फोनात सारा मानोरा घुसला! हे कोन हायेत? हे 'पिंकी ब्युटी पार्लर' कोन हाये? घरी भांडन लागलं न!"

मी त्यांना खाली बसवलं, सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, दोन तास लागतील, तुमचे तेवढे ठेवतो, बाकीचे काढून टाकतो. ते विचारात पडले. पडले ते पडलेच.

"काढू ना?"

"थांबा जरा," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात पोरीचं लगन हाये. पत्रिका टाकून देतो साऱ्यायले, मंग काढू."

पत्रिका गेल्या. मी लग्नाला गेलो होतो. निम्म्या मांडवाला जाधव ओळखत नव्हते, आणि निम्मा मांडव जाधवांना ओळखत नव्हता. पण सगळे पोटभर जेवले, आहेर करून गेले. पार्लरवाल्या पिंकीताईंनी तर नवरीचा मेकअपच केला!

ते नंबर काढायला जाधव अजून आलेले नाहीत.

*

गवई सर आमच्याकडचे रिटायर हेडमास्तर. माझेही तेच मास्तर, त्यामुळे त्यांच्यापुढे मला अजून बसता येत नाही. त्यांच्या फोनातले नंबर मी एका मिनिटात नव्यात टाकले असते, पण सरांना ते मान्य नाही. "एकेक वाच. मी तपासतो."

मी उभा राहून वाचत होतो. प्रत्येक नावाला सर टिप्पणी करत होते. हा अमक्या बॅचचा, हा अमक्याचा साडू. मग एक नाव आलं, वानखडे गुरुजी.

"हे वारले," सर म्हणाले.

"मग काढून टाकू?"

सर एकदम चिडले. "काढतो काहून? त्यायनं तुह्यं काय बिघडवलं?"

राहू दिलं. पुढे दर चार-पाच नावांनंतर एक वारलेले. सगळे राहू दिले. माझे पाय दुखत होते, आणि खरं सांगतो, मनही दुखत होतं. एवढी माणसं गेलेली, आणि सर एकेकाचं नाव ऐकून 'हं, पुढं' म्हणत होते.

काही दिवसांनी सर स्क्रीनगार्ड बसवायला आले. म्हणाले, "वानखडेले फोन लावला होता."

मी सलीमकडे पाहिलं, सलीमनं माझ्याकडे.

"चुकून लागला रे! तो नंबर आता नागपूरच्या एका पोराले देला हाये कंपनीनं. एमपीएससी करून राह्यला. मराठी व्याकरण कच्चं हाये त्याचं. आता दर रविवारी घेतो मी त्याचं."

सलीम म्हणाला, "सर, बाकीच्याईलेबी लावून पाहा न."

"पाह्यलं," सर म्हणाले. "बाकीचे कामाचे नाही निघाले."

*

आता हा शेवटचा सांगतो, आणि मग शटर ओढतो.

उत्तमराव आणि कमलाबाई. जवळच्याच खेड्यातले, आमच्या घरच्या ओळखीचे. एकच लेक, वर्षा. तिनं काही वर्षांपूर्वी स्वतःच्या मनानं कोर्टात लग्न केलं आणि अकोल्याला राहायला गेली. मुलगा चांगला, नोकरीवाला. पण उत्तमरावांनी चार लोकांत सांगून टाकलं, "वर्षा मले मेली. आन मह्या घरातलं जो तिच्याशी बोलीन, तोबी मेला." तेव्हापासून त्या घरात पोरीचं नाव नाही. कमलाबाई कोणाच्या लग्नाला जात नाहीत, हळदीकुंकवाला जात नाहीत. उत्तमराव पारावर बसत नाहीत. दोघं बाजाराला आले की एकामागे एक चालतात, बोलत नाहीत. मला त्यांना बघून फार वाईट वाटायचं. पण दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलणार?

परवा दोघं दुकानात आले. भाच्यानं स्वतःचा जुना टचफोन त्यांना दिला होता. दोघांचे दोन बटणाचे फोन बंद करायचे आणि दोन्ही सिम याच एका फोनात टाकायचे. "आता दोघायले एकच फोन पुरे," उत्तमराव म्हणाले. "तसं कोनाचं येते आमाले?"

पहिल्या जागेत उत्तमरावांचं सिम टाकलं, दुसऱ्या जागेत कमलाबाईंचं. नंबर थोडेच होते, मी वाचून दाखवत गेलो. भाचा, सोसायटी, दूधवाला, पिठाची गिरणी. मग आला 'मोटर मिस्त्री'.

"हे काढा," कमलाबाई म्हणाल्या. "मोटर तं कवाच इकली आमी."

"राहू दे," उत्तमराव म्हणाले. "अडीनडीले लागते."

पुढे कमलाबाईंच्या सिममधले. माहेर, आशाताई, दवाखाना, 'बांगडीवाली'.

"बांगडीवालीचा नंबर कायले पाह्यजे?" उत्तमराव म्हणाले.

"असू द्या न. तुमचं काय खाते तो?"

माझी मान दुखत होती. मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती, तिघांच्या हातात दोन-दोन फोन. फोननं मध्येच दाखवलं की एकच नंबर दोन नावांनी आहे, एक करायचा का? मी पाहिलं आणि तसंच मोठ्यानं वाचलं.

"मोटर मिस्त्री आणि बांगडीवाली, दोघांचा नंबर एकच आहे काका. यातलं एक काहीतरी चुकलं."

उत्तमराव बायकोकडे बघत होते. कमलाबाई काउंटरच्या काचेकडे बघत होत्या.

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना कळलं नसेल. म्हटलं, "थांबा, लावूनच पाहतो, कोणाचा आहे ते." आणि पहिल्या सिमवरून नंबर दाबला, स्पीकरवर.

"नोको!" दोघं एकदमच ओरडले.

पण रिंग गेली होती, आणि पलीकडून लगेच उचललाही.

"हां बाबा, बोला," दबक्या आवाजात वर्षा म्हणाली. "आई नाही न जवळ?"

उत्तमरावांनी फोनाकडे हात नेला आणि तो तसाच अधांतरी राहिला. कमलाबाईंनी पदर सावरला, काउंटरवर वाकून फोनाला तोंड लावलं.

"जवळच हाय वं बाई मी," त्या म्हणाल्या.