शुभहस्ते उघडायची झाकणं

गेल्या शनिवारी सांगलीत जे झालं त्यानं माझं डोकं अजून तापलेलं आहे. लिहिल्याशिवाय शांत होणार नाही, म्हणून लिहितेय...

तासगाव रोडवरच्या एका मंगल कार्यालयात बेदाण्याची आंतरराष्ट्रीय परिषद होती. मी इंग्रजीची रिटायर्ड शिक्षिका, त्यामुळे "बाई, परदेशी पाहुण्यांचं तुम्ही बघा" म्हणून माझी नेमणूक. खोल्या, गाड्या, गरम पाणी, जेवण... सगळं माझ्या गळ्यात. कमोडवाल्या खोल्या मिळवताना घाम फुटला, पण मिळवल्या!

जेवणाची वेळ मुद्दाम ऊन असतानाची ठेवली होती. आपल्याकडचे कितीतरी द्राक्षबागायतदार जैन, आणि त्यातले बरेच जण दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत. ती वेळ छापून प्रत्येकाच्या हातात दिलेली.

आणि ऐन वेळी संयोजक सरांचा हुकूम सुटला... प्रमुख पाहुणे आल्याशिवाय पातेल्यांची झाकणं काढायची नाहीत! पाहुणे विट्याला कुठल्याशा लग्नात अडकलेले, आणि भोजनाचा शुभारंभ त्यांच्या शुभहस्ते. प्रतिनिधींना द्यायच्या पिशव्या, ज्यात बेदाण्याची पाकिटं, त्याही कुलपात. का? तर वाटप त्यांच्याच हस्ते! म्हणजे बेदाण्याच्या परिषदेत तोंडात टाकायला एक बेदाणा नाही. काय बोलायचं, सांगा...

माझ्या शेजारी चिलीहून आलेल्या मार्ता बसल्या होत्या. साठी उलटलेल्या, मधुमेही. छापील वेळेवर विश्वास ठेवून बिचारीनं इन्सुलिन घेऊन टाकलेलं. बघते तर कपाळावर घाम, हात कापतायत, बोलणं अडखळायला लागलंय. इन्सुलिन घेतलं आणि पोटात काही गेलं नाही तर जिवावर बेततं, हे मी माझ्या आईच्या वेळी पाहिलेलं आहे.

पलीकडच्या खुर्चीवर आप्पा होते. आष्ट्याकडचे जुने जैन बागायतदार, पंच्याहत्तरीचे. "आप्पा, यांच्याकडे जरा लक्ष ठेवा" म्हटलं आणि धावले.

सर स्टेजवर फुलांच्या माळा सारख्या करत होते. मी म्हटलं, सर, बाई बेशुद्ध पडेल, मला ताट वाढू द्या. तर म्हणतात, "बाई, थोडंच थांबा, गाडी तासगाव सोडून निघालीय. आता भांडी उघडली तर फोटोत उष्टं दिसेल."

अस्सा संताप आला! "फोटो घाला चुलीत," म्हटलं आणि सरळ जेवणाकडे गेले. स्वतःच झाकण काढलं, आचाऱ्याच्या हातातला डाव घेतला आणि ताट भरलं. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला.

परत येते तर आप्पांनी, सगळ्यांबरोबर बसायचं म्हणून तोवर तसाच ठेवलेला, स्वतःचा डबा उघडलेला. बाहेर कुठेही गेले तरी ते घरचंच खातात, हे मला तेव्हा कळलं. गुळाचा खडा आधीच मार्तांच्या तोंडात घातला होता आणि आता भाकरी आमटीत कुस्करून चमच्यानं भरवत होते. दोघांनाही एकमेकांच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं... पण डबा रिकामा झाला, आणि मार्तांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला.

हुश्श झालं. मी हातातलं ताट आप्पांपुढे धरलं, म्हटलं आजच्यापुरतं हे चालवून घ्या. त्यांनी खिडकीबाहेर नजर टाकली.

"दिवस बुडाला की, बाई. आता सकाळीच."

"आप्पा, दोन घास तरी घ्या... आमच्यामुळं झालंय हे."

"आवं, एका रातीनं काय हुतंय? बाईमाणूस परमुलखात आलीया, तिचं आदी बघाय नगं व्हय?"

आणि डब्याला झाकण लावून बसले. दुपारपासून त्या माणसाच्या पोटात काही नव्हतं. आता सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

मग पाहुणे आले! फटाके, फेटे, शाली, नारळ... सगळं यथासांग. सरांनी "आमचे ज्येष्ठ बागायतदार" म्हणून आप्पांना स्टेजवर बोलावलं, आणि पाहुण्यांनी हौसेनं एक पेढा त्यांच्या तोंडाशी नेला. आप्पांनी हात जोडले, तोंड मिटलेलंच. "घ्या हो, लाजता काय!" म्हणून पाहुणे हसले, मंडप हसला. मी खालून ओरडले, अहो, त्यांना चालत नाही! पण त्या स्पीकरच्या कल्लोळात माझं कोण ऐकतंय. फोटो तेवढा निघाला, आणि लगेच ग्रुपवर पडलासुद्धा... 'ज्येष्ठ शेतकऱ्याचे तोंड गोड करताना'.

मार्तांनी विचारलं, हे का खात नाहीत? मी सांगितलं. डबा त्यांचा होता हे, सूर्यास्ताचं, आणि त्यांच्यात पाणीही उकळून, गाळूनच घेतात हेसुद्धा. त्या चष्मा काढून पुसत बसल्या.

सकाळी लवकर मी पुन्हा कार्यालयावर गेले. आप्पांचा मुक्काम तिथंच होता. ते ओट्यावर बसलेले आणि समोर मार्ता पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. आचाऱ्याला खुणा करून करून बाईंनी पाणी उकळून, गाळून घेतलं होतं. ऊन अंगणात चांगलं आल्यावर आप्पांनी तो तांब्या घेतला आणि मध्ये श्वासही न घेता रिकामा केला. मग तोंड पुसून म्हणाले, "लय बरं वाटलं, ताई."

मार्तांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी वाकून आप्पांचे दोन्ही हात कपाळाला लावले.

इथं 'मन भरून आलं, माणुसकी अजून शिल्लक आहे' असं लिहायची पद्धत आहे. आप्पांचे उपकार तर मी जन्मभर विसरणार नाही... पण खोटं कशाला बोलू? तो रिकामा तांब्या बघून मला रडू आलं ते रागानं. पंच्याहत्तरीचा माणूस रात्रभर इतका तहानलेला होता, कारण कुणाला तरी झाकण काढताना फोटो हवा होता.