माझ्या कादंबरीचे पहिले श्रोते

मी एक विनोदी विज्ञानकादंबरी लिहीत आहे. सध्या तिचं दीड पान झालं आहे.

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी लिहितो. (म्हणजे खरं तर तीनशे पानं व्हायला हवी होती.) सुरुवात कशी वाटते ते बघावं म्हणून एका सकाळी ती माझ्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड केली आणि मित्राला पाठवली. ती गेली सासुरवाडीच्या ग्रुपवर. ते न बघताच मी फोन दुकानाच्या खणात टाकून कामाला लागलो.

सुरुवात अशी होती: "काल सकाळी परग्रहावरच्या तिघांनी माझ्या बायकोला उचलून नेलं. मला ते दुपारी कळलं, ताट वाढलेलं नव्हतं म्हणून."

मोडनिंबला सासऱ्यांनी हे शेतात, मोटार चालू असताना ऐकलं. त्यांना 'परग्रहावरच्या'चं 'परगावच्या' ऐकू आलं. त्यांनी लेकीला फोन लावला. सुनंदा मैत्रिणीकडे शेंगाचटणी कुटायला गेली होती आणि फोन घरी चार्जिंगला होता. मग मला लावला. तो खणात वाजत होता. मग त्यांनी पिकअप काढली.

दुपारी जेवायला घरी आलो, तर दारात सासरे, सासूबाई, मेहुणा बाळू आणि निम्मी गल्ली. शिवाय ओट्यावर गॅसची टाकी घेऊन येणारा माणूस बसलेला, आणि बाळूचा हात त्याच्या खांद्यावर. परग्रहावरचे तिघं हिरवे आणि बुटके होते, असं त्याच रेकॉर्डिंगमध्ये पुढे होतं. त्या बिचाऱ्याची उंची बेताची होती आणि शर्ट हिरवा होता.

"दाजी, ह्यो एक घावलाय," बाळू म्हणाला. "दोन कुटं हायेत ते सांगंना."

मी हसलो. तिथं चुकलं. सासऱ्यांनी मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पोरगी काल सकाळी गेली, आन् तुमाला ताट न्हाय म्हून कळलं व्हय?"

त्यावर मी 'ती गोष्ट आहे' असं सांगायला लागलो. गल्लीचं मत पडलं की असं कुणीही म्हणेल. शेवटी बरणी घेऊन सुनंदाच आली. सासूबाईंनी तिला चाचपून पाहिलं आणि त्या रडू लागल्या. सुनंदाने रेकॉर्डिंग ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला घेतल्या. गॅसवाल्याची माफी मागून त्यालाही जेवायला बसवलं.

जेवणं झाल्यावर सासरे म्हणाले, "शेरडं दुसऱ्याच्या दावणीला बांधून आलोय. आता काय लिवलंय ते समदं वाचा."

मी दीड पान वाचलं. ठरवलेल्या जागी थांबलो, हसायला वेळ दिला. गॅसवाल्याने पाणी मागितलं. बाळूला डुलकी लागली होती. शेवटी सासूबाईंनाच माझी दया आली.

"आवाज चांगला हाय की जावईबापूंचा," त्या म्हणाल्या.

कादंबरी छापून आलीच, तर मागच्या पानावर हाच अभिप्राय घालणार आहे. दुसरा मिळालेला नाही.