सतरा नंबरची क्विल्ट मी का बाद केली

सतरा नंबरची क्विल्ट मी बाद केली. एवढं एक वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. मधल्या काळात कोणी त्या प्रदर्शनाचा विषय काढला, की मी हॉलच्या एसीबद्दल बोलायला लागायचो. एसी खरंच चांगला होता. पण सहा वर्षं एसीवर किती बोलणार?

आधी माझ्या कामाबद्दल सांगतो. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गारमेंट एक्स्पोर्ट कंपनीत मी एकतीस वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये होतो, शेवटची नऊ वर्षं मॅनेजर म्हणून. काम तसं सरळ असतं. दुसऱ्याने केलेल्या कामातली चूक शोधायची. कापडाचा तागा दिवे लावलेल्या टेबलावरून सरकत जातो, आपण समोर उभं राहून बघायचं. धागा तुटलाय, डाग पडलाय, रंग फिका झालाय, की तिथे लाल बाणाचा स्टिकर चिकटवायचा. पुढे कटिंगवाले तेवढा भाग सोडून कापतात. एकतीस वर्षं हे केलं की माणसाचे गुडघे जातात, आणि आपल्याला जी दिसते ती चूकच असते अशी खात्री बसते. गुडघ्यांवर औषध मिळतं.

रिटायर झाल्यावर बोरिवलीच्या घरात बाण लावण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. पोळ्यांवर लावून बघितले होते, तोंडी. अशात एक दिवस फोन आला. गोरेगावला क्विल्टचं प्रदर्शन भरतंय, त्यात एक स्पर्धा आहे, कापडातला जाणकार म्हणून परीक्षक याल का? मी म्हणालो, डायरी बघून सांगतो. डायरीत दाताची एक अपॉइंटमेंट होती, तीही पुढच्या महिन्यातली.

"अहो, परवा तुम्ही बनियन उलटा घालून जिन्यात गेलात," बायको म्हणाली. "तुम्ही काय परीक्षा घेणार?"

"तो घरातला बनियन होता."

"आणि जिना कोणाचा होता?"

मी कपाट उघडलं. बॅजसाठी कुठला शर्ट बरा दिसेल ते बघत होतो.

क्विल्ट म्हणजे तीन थर. वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर, आणि तिन्ही पकडून घातलेले टाके. म्हणजे आपली गोधडीच. ही स्पर्धा मात्र मॉडर्न क्विल्टची होती. त्यात फुलं-पानं नसतात. सपाट रंग, मोठ्या मोकळ्या जागा, आणि जे काही असेल ते मुद्दाम एका कोपऱ्यात. पहिली मॉडर्न क्विल्ट बघितली तेव्हा मला वाटलं, ऑर्डर अर्धवट राहिलीये.

स्पर्धेला फॅब्रिक चॅलेंज म्हणतात. सगळ्यांना एकच कापड देतात, अर्धा मीटर. त्यातून ज्याला जे सुचेल ते त्याने करायचं. यावेळचं कापड हळदी रंगाचं होतं, त्यावर गडद निळे मासे. नियम एकच होता. ते कापड क्विल्टच्या दर्शनी बाजूला निदान तळहाताएवढं दिसलं पाहिजे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी परीक्षण होतं. लांब टेबलांवर क्विल्ट्स पसरलेल्या, त्यांना फक्त नंबर. बनवणाऱ्याचं नाव नाही. प्रत्येकीजवळ एक कार्ड पालथं ठेवलेलं, त्यावर बनवणारीने आपल्या क्विल्टबद्दल चार ओळी लिहिलेल्या. माझ्याबरोबर दुसरी परीक्षक होती रुचा, टेक्स्टाइल डिझाइन शिकवणारी, वयाने माझ्या मुलीएवढी. ती प्रत्येक कार्ड उचलून वाचायला बघायची. मी तिला थांबवत होतो.

"माल बघायचा," मी म्हणालो. "पार्टीचं पत्र वाचायचं नाही."

"सर, इथे पार्टी कोण आहे?"

"सवय लावून घे."

सतरा नंबरची क्विल्ट राखाडी होती. वर सगळं मोकळं आणि उंच. खाली डाव्या कोपऱ्यात लहान लहान कौलारू घरांची एक रांग. नऊ घरं. टाके इतके बारीक आणि एकसारखे, की मी खिशातलं भिंग काढून बघितले. आणि मग दिसलं. आठ घरं चॅलेंजच्याच कापडाची होती, पण उलट्या बाजूने लावलेली. फिकट पिवळी, माशांच्या नुसत्या सावल्या. एकच घर सुलट होतं, दोन बोटांएवढं, लख्ख हळदी.

"उलटा पॅनल," मी म्हणालो.

आमच्या धंद्यातली ही मोठी चूक. शर्टाची एक बाही सुलट आणि दुसरी उलट शिवली जाते. शिवणाऱ्याच्या लक्षात येत नाही, बायरच्या येतं, आणि तो अख्खा लॉट परत पाठवतो. उलटा पॅनल दिसला की माझे कान गरम व्हायचे. त्या दिवशीही झाले.

"सर, मुद्दाम केलं असेल," रुचा म्हणाली.

"एकतीस वर्षांत मला मुद्दाम उलटं लावणारा एकही भेटलेला नाही."

"हे शर्ट नाहीयेत ना पण."

"एक सुलट आहे बघ. म्हणजे शेवटी चूक कळली, आणि बाकीची आठ उसवायचा कंटाळा केला."

"किंवा ते एक घर वेगळं आहे. कार्ड वाचूया ना, सर. एकच."

"सुलटं कापड तळहाताएवढं दिसतंय का? नाही ना? मग विषय संपला."

खिशात लाल बाणांचा रोल होता. रिटायर होताना कंपनीने मला घड्याळ दिलं, रोल मी स्वतःच घेतला होता. एक बाण काढला, घरांच्या रांगेवर लावला आणि शीटवर लिहिलं, 'फेस-बॅकची चूक, बाद.' सही केली. रुचाने बराच वेळ पेन हातात धरलं आणि मग खाली सही केली. बाद झालेल्या क्विल्ट भिंतीवर लावत नाहीत. घडी करून टेबलाखाली ठेवतात, मालकिणीने घेऊन जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन. मला दोन मिनिटं बोलायचं होतं, मी बारा मिनिटं बोललो. विषय होता नजर. उदाहरण द्यायला सतरा नंबर तयार होता. म्हणालो, "कालच एका क्विल्टमध्ये नऊपैकी आठ तुकडे उलटे होते. आता कापडाची सुलटी बाजूच कळत नसेल, तर बाईंनी क्विल्टऐवजी चटई विणावी." लोक हसले. चांगले हसले. मीही थोडा थांबलो, त्यांना हसू दिलं.

ती बाई मागच्या रांगेत उभी होती, हे मला नंतर रुचाकडून कळलं.

तिचं नाव सिसिलिया. कांदिवलीच्या गावठाणातली, पन्नाशी उलटलेली. वीस-पंचवीस वर्षं ब्लाऊज, फॉल, अल्टरेशनचं काम करणारी. कापडाची सुलटी बाजू ती डोळे मिटून बोटांनी सांगू शकते. तिच्या पोटापाण्याचा धंदाच तो. आणि ते चटईचं वाक्य मी माइकवरून तिच्याच गिऱ्हाइकांसमोर बोललो होतो, कारण गावठाणातल्या सहा-सात जणींना ती बरोबर घेऊन आली होती. त्यात तिची रोझीमावशी होती, ऐंशीच्या पुढची, लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली, काठी घेऊन. ती मात्र मागाहून रिक्षाने आली, म्हणून माझं भाषण तिला ऐकावं लागलं नाही.

दुपारी मी परीक्षकांच्या टेबलाशी चहा पीत होतो. मावशी भिंतीभिंतीने चालत होती आणि प्रत्येक क्विल्टसमोर थांबून विचारत होती, "यात माझं घर कुठंय गो?"

"थांब, बघते," म्हणून सिसिलियाबाई माझ्याकडे आल्या. "सर, सतरा नंबर कुठे लावलीये?"

"बाद झाली," मी म्हणालो. "कापड उलटं लागलंय तुमचं."

"उलटंच लावायचं होतं, सर. कार्डावर लिहिलंय."

रुचा उठली, टेबलाखालून कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. आता वाचण्यावाचून इलाज नव्हता. लिहिलं होतं: 'आमच्या गल्लीत नऊ घरं. आठ विकली, त्यांना कुलपं लागली. वरती सगळा टॉवर येणार. एका घरात माझी मावशी अजून दिवा लावते. पुढच्या वर्षी तेपण जाईल.'

मी कार्ड दोनदा वाचलं. आठ फिकी घरं, एक उजळ घर. शाळेतल्या मुलालाही कळलं असतं.

"सर," रुचा हळूच म्हणाली, "अजून चार तास आहेत. भिंतीवर जागापण आहे. शीटवर खोडून सही केली की झालं."

एक रेघ आणि एक सही. आयुष्यात हजारो शीट खोडल्यात मी. पण सकाळी हसलेली माणसं तिथेच वडे खात उभी होती, आणि त्यांच्यातला एक जण जाता जाता मला म्हणून गेला होता, "काय झकास बोललात, परब साहेब!" मी रुचाला म्हणालो, "नियम म्हणजे नियम."

तेवढ्यात काठी टेकत मावशी आली. "अरे बाबा, माझं घर कुठंय? सगळा हॉल फिरले मी."

आत्ता नियमांवर बोललेला मी म्हणालो, "मावशी, तुमची क्विल्ट आत आहे. मोठे परीक्षक बघताहेत."

सिसिलियाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि बोललीच पाहिजे. पण त्या मावशीकडे वळून म्हणाल्या, "हो मावशी. आत आहे."

"मग बसते मी. बाहेर आणतील तेव्हा बघीन."

मावशी बसली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, त्या दाराकडे तोंड करून. आत म्हणजे चहाची खोली होती. दर दहा मिनिटांनी दार उघडायचं, मावशी काठीवर हात ठेवून उठायला बघायची आणि बाहेर कपांचा ट्रे यायचा. तीन तास. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एका निळ्या क्विल्टचे टाके मोजत होतो. किती होते ते आता आठवत नाही.

हॉल बंद व्हायच्या वेळी सिसिलियाबाईंनी मावशीला सांगितलं, की ते लोक घरी पाठवून देणार आहेत. मग तिला रिक्षात बसवून त्या एकट्या परत आल्या. टेबलाखालून क्विल्ट घेतली, नखाने लाल बाण सोडवला आणि मला विचारलं, "याचा डिंक राहत नाही ना, सर?"

"नाही," मी म्हणालो. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेली एवढीच गोष्ट खरी होती.

तीन महिन्यांनी मी कांदिवलीला त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला. पत्ता रुचाने दिला, वर म्हणाली, "सर, एसीचं नका काढू." आठ बंद घरं ओलांडून नवव्या घराशी पोचलो. दारातच खाटेवर मावशी, आणि तिच्या पायांवर ती क्विल्ट. एव्हाना दोनदा धुतलेली, त्यामुळे मऊ झालेली.

मावशीने मला लगेच ओळखलं. "तुम्हीच ते ना, आतवाले? काय रे बाबा, आमचा कितवा नंबर आला?"

सिसिलियाबाई आत चहा ठेवत होत्या. मी पूर्ण तयारी करून गेलो होतो. वाक्यं पाठ होती. तोंडातून आलं, "पहिला."

"बघ गो!" मावशी आत बघून ओरडली. "पहिला! आणि तू म्हणत होतीस, काय नाय आलं!"

सिसिलियाबाई कप घेऊन बाहेर आल्या. कप माझ्या हातात दिला. "साखर बघा बरी आहे का," म्हणाल्या.

फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, आता ती सगळ्या गावठाणाला सांगणार. सर्टिफिकेट मागेल माझ्याकडे."

"मी देतो," मी म्हणालो.

आणि दिलं. एकतीस वर्षं एकही खोटा रिपोर्ट न काढलेल्या माणसाने बोरिवलीच्या झेरॉक्सवाल्याकडून सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट छापून घेतलं. प्रथम क्रमांक. खाली स्वतःची सही. मावशीने ते फ्रेम करून घेतलं. पुढे घर गेलं तेव्हा ती फ्रेम भाड्याच्या खोलीत गेली. आता माफी मागायची, तर आधी मावशीचा पहिला नंबर काढून घ्यावा लागला असता. मी स्वतःला हे कारण दिलं आणि ते मला चार-पाच वर्षं छान पुरलं.

गेल्या वर्षी मावशी गेली. म्हणजे कारणही गेलं.

तेव्हा आता नोंद दुरुस्त करतो. त्या प्रदर्शनाच्या यादीत सतरा नंबरपुढे 'बाद' लिहिलेलं आहे. ते चूक आहे. कापड नियमाप्रमाणे तळहाताहून कितीतरी जास्त वापरलेलं होतं. उलटं कापडही कापडच असतं. टाके सगळ्यांत चांगले होते. रुचाची सही मी जवळजवळ जबरदस्तीने घेतली होती. आमच्या डिपार्टमेंटमध्ये नवीन पोरांना मी शिकवायचो, की चूक ज्या टेबलावर झाली त्याच टेबलावर दुरुस्त करा, पुढे सरकली की दर टेबलाला महाग होत जाते. मी हे फार चांगलं शिकवायचो.

मावशीच्या महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी गेलो होतो. चर्चच्या बाहेर सिसिलियाबाईंनी मला नातेवाइकांपुढे उभं केलं. "हे परब सर. मावशीच्या घराला यांनीच पहिला नंबर दिला." सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. त्या मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या. आम्ही दोघंच होतो. 'बाई, कापड तुम्हाला कळतं, मला कळलं नाही' हे वाक्य अगदी ओठांवर होतं.

"सर, सावकाश जा," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो, आणि रिक्षा निघाली.