साक्षीदार स्ट्रेचरवर

गाडी लागणाऱ्या माणसाने नर्सिंगमध्ये जरूर यावं, पण रुग्णवाहिकेत बसू नये. बोईसरच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कारखान्यात चिरडलेलं बोट घेऊन आलेल्या कामगाराला मी न डगमगता सांभाळतो. पण त्यालाच मोठ्या हॉस्पिटलात पोहोचवायला मला सोबत पाठवलं, की वाटेत तोच माझी पाठ चोळत असतो.

तरी त्या दिवशी मी रुग्णवाहिकेतून मुंबईला निघालो, कारण आमच्या सिस्टरांची नोंदणी राहते की जाते ते माझ्या जिभेवर होतं. नोंदणी गेली की नर्सची टोपी खुंटीला.

सिस्टर वॉर्डात सर्वांत जुन्या, किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातल्या. एका आडदांड पेशंटला उचलताना त्यांची कंबर धरली. पेशंटला देऊन उरलेलं दुखण्याचं इंजेक्शन फेकून द्यायचं असतं, ते त्या स्वतः घेऊ लागल्या. पुढे कंबर दुखायची थांबली, इंजेक्शन थांबेना. एका सकाळी त्यांनी स्वतःच मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांगून टाकलं. उपचार झाले, प्रकरण नोंदणी परिषदेकडे गेलं, आणि चौकशी समितीने त्यांना एका अटीवर कामावर ठेवलं: वर्षभर, शेवटचा निकाल लागेपर्यंत, कुठल्याही औषधाला हात लावायचा नाही, अगदी तापाच्या गोळीलासुद्धा. गोळ्या-इंजेक्शनं दुसरं कुणीतरी देईल. ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी. वर्ष सरलं आणि शेवटचा निकाल देण्याआधी समितीने मला साक्षीला बोलावलं.

"तीन वाक्यं बोला आणि बसा," मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. "चौथ्या वाक्यापासून तुमचं काही खरं नसतं."

मी अर्थातच भाषण पाठ केलं होतं.

रुग्णवाहिका मुंबईला दुरुस्तीसाठी जाणारच होती, म्हणून तिच्यातूनच निघालो. पालघरला सिस्टर चढल्या. तिथल्या मेडिकलमधून मी उलटीच्या गोळ्यांची पट्टी घेतली, एक गिळली आणि ऐटीत बसलो. ती ऐट वाघोबाच्या खिंडीपर्यंत टिकली. तिथे डोकं खिडकीबाहेर काढून मी निसर्गाला जवळून भेटलो.

"ब्रदर, गाड़ी कल ही धोई है," ड्रायव्हर कळवळून म्हणाला.

गोळी बाहेर पडली असणार, असं ठरवून मी दुसरी काढायला गेलो. ओल्या बोटांनी गोळी सुटेना. पट्टी सिस्टरांपुढे धरली. "सिस्टर, जरा फोडून द्या."

त्यांनी हात पदराखाली घेतले. "नको घेऊ. पयली पोटात असंल अजून. झोप येल तुला."

"सिस्टर, मी नर्सिंगच्या पोरींना औषधं शिकवतो."

"मग तुझं तू फोड."

एवढीशी मदत करायला काय होतं यांना, म्हणून मी रुसलो आणि दातांनी पट्टी फोडली.

समितीच्या खोलीत पंखा मंद फिरत होता. मंद फिरणाऱ्या पंख्याइतकं वाईट माझ्या त्या अवस्थेला दुसरं काही नव्हतं. समोर तिघं जण, मधे अध्यक्ष मॅडम, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी विचारलं, "वर्षभर तुम्ही यांच्यासोबत काम केलंत. काय पाहिलंत?"

मी उभा राहिलो. तोंड कोरडं, जीभ टाळूला चिकटलेली. "सिस्टर म्हणजे आमच्या वॉर्डाचा कणा," मी सुरुवात केली. पुढचं वाक्य आठवेना म्हणून तेच पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा 'कणा' म्हणताना माझाच कणा वाकला आणि मी खुर्चीच्या पाठीला धरून खाली आलो.

व्यसनाच्या चौकशीत साक्षीदारच झिंगलेला!

"तुम्ही काही घेतलंय का?" मॅडमनी विचारलं.

"दोन," मी सांगून टाकलं.

"दोन काय?"

हे मला सांगताच येईना. सिस्टरांचा चेहरा उतरलेला मला तशा गुंगीतही दिसला. मग त्या उठल्या. माझी नाडी पाहिली, डोळ्याची पापणी वर केली, मान नीट टेकवली.

"उलटीच्या गोळ्या हायेत, मॅडम. गाडी लागते याला. एक पालघरला घेतली, एक खिंडीत. झोपल, बाकी काय नाय."

"तुम्हाला माहीत होतं? मग दुसरी काढून का नाही घेतलीत?"

सिस्टरांनी हात पुन्हा पदराखाली घेतले. "हात लावायचा नाय ना मला. फोडून दे म्हनत होता, तरी नाय लावला. तोंडानं सांगितलं, पन हा ऐकतो कुठं?"

"गाडीत तुम्हाला कोण बघणार होतं?"

"मीच ना, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. शेजारच्या सदस्यांनी माझ्या खिशातून पट्टी काढून पाहिली. दातांच्या खुणा होत्याच. तपासणीसाठी लघवीचा नमुना सिस्टरांकडून घेतला आणि खबरदारी म्हणून माझ्याकडूनही. मी आयुष्यात शेकडो पेशंटांच्या हातात ती बाटली दिली असेल. ती धरून बाहेर येताना चेहरा कसा ठेवायचा, हे मात्र कुणालाच विचारलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर निर्णय सांगितला. नोंदणी कायम. औषधांना हात लावता येईल, पण दुखण्याच्या इंजेक्शनांच्या कपाटाची किल्ली तूर्त दुसऱ्याकडे, आणि अधूनमधून तपासणी.

"आणि साक्षीदार?" सिस्टरांनी विचारलं.

"त्यांना घरी न्या," मॅडम म्हणाल्या. हसत होत्या की नाही, मला ग्वाही देता येणार नाही.

गाडीची दुरुस्ती पुढे ढकलली. मला मागच्या स्ट्रेचरवर आडवं करून सिस्टरांनी पट्टा आवळला. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, "सीरियस हाय का?"

"नाय हो. साक्षीदार हाय," सिस्टर म्हणाल्या.

हायवेला लागल्यावर त्यांनी घरी फोन लावला. आधी नुसतंच "अवो" म्हणाल्या आणि नाक ओढू लागल्या. मी डोळे मिटूनच पडून राहिलो. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"रायलं, रायलं नाव. रडत नाय मी, गाडी हलते. उद्यापास्नं गोळ्या मीच देनार... तो? त्यानं लय बोलायचं ठरवलं होतं. देवानं वाचवलं."