हेमा खरं सांगायची

आमची शेवटची भेट झाली तेव्हा हेमा आगाशीच्या घरी मागच्या पडवीत खाटेवर बसली होती. औषधांनी केस गेलेले, डोक्याला तिच्या आत्यांचा सुती रुमाल बांधलेला. मी पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं की दुखण्याचा विषय आपण काढायचा नाही. तो तिनेच काढला. "चान्स कमी आहे, अनू," ती म्हणाली... एखाद्या मुलाचे मार्क बघून म्हणावं, तसं. मी विचारलं, "डॉक्टर म्हणाले असं?" तर हसली. "डॉक्टर काहीच म्हणत नाहीत. म्हटलं असतं तर बरं झालं असतं." मग तिने मला बागेतली केळी बांधून दिली, माझ्या नोकरीची चौकशी केली आणि बस चुकेल म्हणून स्वतःच मला उठवलं. पुढच्याच महिन्यात, ऐन दुपारी, ऑफिसात तिच्या आत्यांचा फोन आला. "आपली हेमा गेली गो," एवढंच त्या बोलल्या आणि फोन तसाच हातात धरून रडत राहिल्या. मी पुण्यात, त्या आगाशीत. फोन कोणी ठेवायचा हे दोघींनाही सुचेना.

वसईच्या कॉलेजात आम्ही कॉमर्सला एका बाकावर बसायचो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, वडिलांनी वसईत फ्लॅट घेतला म्हणून इकडे आलेलो. हेमा आगाशीच्या बागायतदारांची एकुलती मुलगी. मागे केळी, पानवेली, फुलझाडं आणि दिवसभर त्यात वाकलेले तिचे वडील. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं, म्हणून मीही. बारावीच्या वर्षी हेमाची आई आजारी पडली आणि गेली. त्या धावपळीत हेमा परीक्षेलाच बसली नाही, म्हणून ती माझ्याहून एका वर्षाने मोठी. नव्वदच्या दशकात एमबीए हा शब्द आमच्याकडे नुकताच पोचत होता. कोणीतरी पेपरात वाचलेलं असायचं, कोणाचा तरी मामेभाऊ तिथे असायचा. पण मोठ्या संस्थांमध्ये जाणारी मुलं आपल्यातली नसतात, असं आम्ही सगळ्यांनी न सांगता धरून चाललो होतो. हेमाने ते धरलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाला असताना आम्ही दादरच्या एका क्लासमध्ये चौकशीला गेलो. तिथले सर आधी तुमचे कागद बघायचे आणि कुठे अर्ज करावा, कुठे करू नये, ते सांगायचे. माझं बघून म्हणाले, मधल्या फळीतली कॉलेजं धर, मिळेल. हेमाचे कागद त्यांनी जरा वेळ उलटेपालटे केले. मराठी माध्यम, वसईचं कॉलेज, मध्ये एक वर्ष रिकामं. "या वर्षाचं काय सांगणार?" त्यांनी विचारलं. हेमा म्हणाली, "आई आजारी होती." सर समजुतीच्या स्वरात म्हणाले, "कॉम्प्युटरचा कोर्स केला म्हणून सांग. आणि मोठ्या संस्थांचे अर्ज भरू नकोस, मनाला लागतं." मला वाटलं, ही आता रडणार. वसईला न उतरता मी तिच्यासोबत विरारपर्यंत गेले, आगाशीच्या बसच्या रांगेत उभी राहिले. तिथे ती एकदम म्हणाली, "त्यांनी कागद बघितले गं. मला कुठे बघितलं?"

तिने मोठ्यातल्या मोठ्या संस्थेचा अर्ज भरला, मलाही भरायला लावला. त्यांच्या घरावर पत्र्याची एक खोली होती, एरवी केळीचे घड ठेवायची. तिथे आम्ही पाठ लागेपर्यंत अभ्यास केला. परीक्षा झाली आणि इंटरव्ह्यूचा कॉल आला तो हेमाला. मला त्या संस्थेचा आला नाही. मुंबईला मी तिच्यासोबत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. तिने आत्यांची निळी साडी नेसली होती, टाचेशी जरा आखूड. बाहेर आली तर चेहरा उतरलेला. त्या रिकाम्या वर्षाबद्दल त्यांनी विचारलंच होतं. हिने जे घडलं ते सांगितलं. त्यावर एकाने विचारलं, इथे शिकताना घरी असं काही झालं तर पुन्हा वर्ष सोडशील का? "मग?" मी विचारलं. "सोडेन म्हटलं." "अगं वेडे..." "मग काय, नाही म्हणू? माझ्या आईबद्दल विचारत होते ते."

तिचं नाव वेटिंग लिस्टवर लागलं. त्या उन्हाळ्यात तिचा हिशेब चालायचा तो यादीत तिच्या पुढे असलेल्या मुलांचा. ज्याच्याकडे दोन सीट आहेत तो एक सोडणारच, ज्याला परदेशी जायचंय तो दोन्ही सोडणार... आगाशीच्या बाजारातल्या एसटीडी बूथवरून ती संस्थेच्या ऑफिसला फोन लावायची आणि मी शेजारी उभी राहून तिचं तोंड बघायची. यादी हलत हलत तिच्या अगदी जवळ आली आणि थांबली. कॉलेज सुरू झालं. शेवटचा फोन ठेवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "चल, घरी आत्याने घावन केलेत." घावन तिने खाल्लेही. रात्री मात्र जेवली नाही, असं आत्यांनी मला नंतर सांगितलं.

मी पुण्याच्या एका मधल्या फळीतल्या कॉलेजात गेले. पुढच्या वर्षी तिने पुन्हा परीक्षा दिली. या खेपेला तिला दक्षिणेत लांब एका चांगल्या संस्थेत सीट मिळाली. तिने ती घेतली नाही. वालीवच्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागली आणि मॅनेजमेंटचा संध्याकाळचा कोर्स मुंबईत केला. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, आई गेल्यापासून भाऊ एकटे आहेत. मी रागावले, पत्रात बरंच काही लिहिलं. उत्तरात तिने फक्त बागेत मोगरा कसा आलाय ते कळवलं.

नंतर तिच्याकडे प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला मुलं येऊ लागली. आधी शेजारच्या वाडीतली, मग नालासोपाऱ्याची, वसईची. रविवारी ती पत्र्याची खोली भरायची. मी एकदा गेले होते तेव्हा पाचूबंदरची एक मासे विकणारी बाई मुलीला घेऊन आली होती. मुलगी मान खाली घालून बसलेली. बाई म्हणाली, "मॅडम, हिला सीट मिलंल का नाय, ता खरा सांगा. कोनी खरा सांगत नाय." हेमाने मुलीशी बराच वेळ गप्पा मारल्या, गणितं घातली. मग आईकडे वळून म्हणाली, "यंदा मोठ्या कॉलेजात नाही मिळणार. पुढच्या वर्षी मिळू शकेल. डोकं उत्तम आहे, पण ही बोलतच नाही. तिथे ग्रुप डिस्कशनला दहा जणांत आवाज काढावा लागतो." "ही बोलत नाय?" बाईला हसू आवरेना. "घरात येऊन बघा!" हेमा म्हणाली, "मग हिला तुमच्यासोबत बंदरावर लिलावात उभी करा. बोली हिलाच लावू द्या." मुलगी वर्षभर बंदरावर ओरडली आणि पुढच्या वर्षी खरंच मोठ्या संस्थेत गेली. ती बाई भलीमोठी सुरमई घेऊन आली. ते सांगताना फोनवर हेमाचा आवाज इतका आनंदी होता... तिचं स्वतःचं नाव त्या यादीत आलं असतं तरी ती याहून जास्त काय हसली असती, असं मला वाटून गेलं.

हेमाचं दिवसकार्य झाल्यावर काही आठवड्यांनी मी आगाशीला गेले. रविवार होता. आत्यांनी बोटानेच वर दाखवलं. पत्र्याच्या खोलीत भाऊ चटई अंथरत होते. खिडकी उघडी, जमीन झाडलेली. मला बघून ते तिथेच बसले. मग म्हणाले, "अनू, ती लांबच्या कॉलेजात गेली असती, तिकडे मोठ्या शहरात राहिली असती, तर दुखणं लवकर कळलं असतं का गो?" मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "मी तिला नको जाऊ म्हटलं नाही. पण जा, असंही म्हटलं नाही."

नाही भाऊ, तसं काही नसतं, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण या माणसाच्या घरात खोटा धीर कोणी कोणाला कधी दिला नव्हता. मी म्हटलं, "मला माहीत नाही, भाऊ." त्यांनी मान हलवली. डोळे पुसले. "तीही असंच म्हणाली असती," ते म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अर्नाळ्याची एक मुलगी वर आली, छातीशी पुस्तकं धरलेली. भाऊ मला हळूच म्हणाले, "मागच्या रविवारीही आली होती. हार घातलेला फोटो बघून तशीच खाली गेली. मी स्टॉपपर्यंत जाऊन परत आणली. मला इंग्रजी येत नाही. पण दार उघडता येतं." मुलगी भिंतीशी चटईवर अंग चोरून बसू लागली. खिडकीशी टेबल होतं आणि त्याला लावून हेमाची लाकडी खुर्ची. भाऊंनी ती ओढून बाहेर काढली, पंच्याने पुसली.

"वर बस गो पोरी," ते म्हणाले. "खाली उजेड नीट येत नाही."