इंग्रजांचं खानदान आणि गयाबाई

किस्से काही कुणी जमवत नाही हो! शेजारी इतिहासाची शिकवणी असली अन् मधली भिंत कमरेएवढी, की आपोआप साचतात. मी तर तूर निवडायला मुद्दाम भिंतीजवळच बसायची!

नव्वदनंतरची, कळमनुरीतली गोष्ट. शेजारचे गंगाधर सर बी.ए.च्या पोरांना इंग्लंडचा इतिहास शिकवायचे. त्यात गल्लीतल्या गयाबाईची सून, शीला. मागच्या वर्षी नापास झालेली. घर मेंढरं राखणारं. गयाबाईनं बजावलं होतं, "औंदा पेपर निघाला न्हाई, तर कॉलेज बंद. मेंढरामागं जायचं!" अन् सून खरंच शिकून राहिली का, हे बघायला स्वतः शिकवणीत येऊन बसायची!

०

सर म्हणाले, "आधी रोमन आले, मग सॅक्सन, मग व्हायकिंग, मग नॉर्मन."

"समदे बाहेरूनच आले! मंग इंग्रज कोनते?" गयाबाईनं मधेच विचारलं.

सरांनी घाईघाईनं पुढचं पान उलटलं. पोरं खूश!

०

रोमनांनी उत्तरेला लांबच लांब भिंत बांधली म्हणे.

"पलीकडं कोन ऱ्हायचं, सर?"

"डोंगरातले लोक. गुरं-मेंढरं राखणारे."

"मेंढरू भिंतीनं थांबते व्हय? त्या रोमनानं एक बी पाळलं नसंल!"

०

एका राजानं सहा लग्नं केली, हे ऐकून मात्र गयाबाई भडकली.

"पहिलीची सासू कुठं व्हती? ती जित्ती असती तर एकीवरच थांबला असता!"

शीला वहीत तोंड खुपसून हसली.

०

नॉर्मनांचं राज्य आलं. ते फ्रेंच बोलायचे. सर म्हणाले, "राखणारा इंग्रज जनावराला 'शीप' म्हणायचा. तेच साहेबाच्या ताटात गेलं, की फ्रेंच नाव, मटन!"

गयाबाई ताडकन उठली. "बराबर हाय! आमच्या दारात मेंढरू, अन् वारंगा फाट्याच्या ढाब्यावर मटन! राखलं आमी, खाल्लं नॉर्मनानं!"

पेपरात नेमके नॉर्मनच आले. शीला येऊन मला म्हणाली, "काकू, दुसरं काहीच आठवेना. आत्याबाईंचं मेंढरू तेवढं आठवलं. तेच लिहीत सुटले!"

०

शीला पास झाली! गयाबाईनं मेंढरू कापलं, मलाही बोलावलं. त्यांच्याकडं सुना सगळ्यांच्या मागून जेवायच्या, उरलंसुरलं. रिवाजाप्रमाणं शीला भाकरी वाढायला उठली.

गयाबाईनं तिच्या हातातली टोपली काढून घेतली, सगळ्यात आधी तिच्यापुढं ताट सरकवलं अन् दरडावलं,

"खाली बस गुमान. आज तू नॉर्मन!"